बिघा कोणता? मापपालट करणारा एक साधा फॉर्म

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास या जिल्ह्यांत जमिनीची दोन मापे एकाच वेळी चालू आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी बिघा आहे, तर सरकारी खसऱ्यात हेक्टर आहे. बियाणे किती पेरावे, तणनाशक किती फवारावे, याचे छापील प्रमाण हेक्टरच्या हिशेबाने येते. शेत मात्र ‘बारा बिघ्यांचे’ असते. जमिनीचा सौदा ओसरीवर बिघ्यांत ठरतो आणि खरेदीखत हेक्टरमध्ये लिहिले जाते. मराठी राजवटीबरोबर या प्रदेशात आलेल्या आणि पुढे येथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी तर आणखी दोन मापे ऐकू येतात. कारण महाराष्ट्रातील आप्तांची जमीन एकर-गुंठ्यांत सांगितली जाते. अशा ठिकाणी एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करणे हा शाळेतील गणिताचा प्रश्न राहत नाही. तो रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होतो.

हे रूपांतर करून देणारा छोटासा फॉर्म संगणकावर किंवा खिशातील फोनवर चालेल अशा रीतीने तयार करणे अवघड नाही. गावातील एखादा विद्यार्थी दोन-तीन दिवसांत तो करू शकेल. त्यातील गुणाकार तर अगदीच सोपा आहे. अवघड आहे तो गुणाकाराच्या आधीचा प्रश्न. तो कोणता आणि फॉर्म करणाऱ्याने त्याचे उत्तर कसे द्यावे, हे पाहण्यापूर्वी प्रथम फॉर्मची रचना समजून घेणे सोयीचे होईल.

असा फॉर्म म्हणजे एक साधे वेबपान होय. ते लिहिण्यास नोटपॅडसारखे साधे साधन पुरते, आणि ते उघडण्यास ब्राउझर लागतो. सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये ठेवला तर ती एकदा फोनमध्ये उतरवून घेतल्यावर शेतात जाळे मिळत नसले तरी फॉर्म चालतो. पानाचे दोन भाग असतात. एचटीएमएल या लिपीत पानावर काय दिसावे ते लिहिलेले असते, आणि जावास्क्रिप्ट या भाषेत हिशेब कसा करावा ते लिहिलेले असते. दिसणाऱ्या भागात मोजक्याच वस्तू हव्यात: आकडा लिहिण्याचा रकाना, ‘कोणत्या मापातून’ आणि ‘कोणत्या मापात’ हे निवडण्याच्या दोन याद्या, एक बटण, आणि उत्तर दिसण्याची जागा. प्रत्येक रकान्यापुढे तो कशासाठी आहे ते स्पष्ट शब्दांत लिहावे. बटणाचा प्रकार मात्र मुद्दाम सांगावा लागतो. तो सांगितला नाही तर ब्राउझर फॉर्म कोठेतरी पाठवावयाचा आहे असे समजतो, पान पुन्हा उघडतो, आणि आलेले उत्तर डोळ्यांदेखत नाहीसे होते. नवशिक्याचा पहिला गोंधळ बहुधा येथेच होतो.

आता हिशेबाकडे वळावे. चौरस मीटर, हेक्टर, एकर, गुंठा, बिघा आणि बिस्वा अशी सहा मापे घेतली, तर प्रत्येकाचे उरलेल्या पाचांत रूपांतर करण्यासाठी तीस गुणक लिहावे लागतील. तीस ठिकाणी लिहिले म्हणजे तीस ठिकाणी चुकण्याची सोय झाली. त्यापेक्षा एकच माप आधार म्हणून निवडावे आणि बाकीच्या प्रत्येकाचा त्या आधाराशी असलेला संबंध तेवढा नोंदवावा. चौरस मीटर हा आधार धरला, तर हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर ही व्याख्या १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या प्रमुख देशांनी एकमताने ठरविली. त्या हिशेबाने चौरस फूट म्हणजे ०.०९२९०३०४ चौरस मीटर. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, म्हणून एकर म्हणजे ४०४६.८५६४२२४ चौरस मीटर. आणि एकराचा चाळिसावा भाग, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, सुमारे १०१.१७ चौरस मीटर भरतो. रूपांतर करताना दिलेला आकडा पहिल्या मापाच्या गुणकाने गुणावा, म्हणजे चौरस मीटर मिळतात. त्यास दुसऱ्या मापाच्या गुणकाने भागावे, म्हणजे उत्तर मिळते. तीस गुणकांचे काम सहांवर येते, आणि उद्या सातवे माप आले तरी एकच ओळ वाढते.

यादीतील चार मापांचे गुणक असे निश्चित आहेत. पाचव्या मापापाशी, म्हणजे बिघ्यापाशी आल्यावर मात्र लेखणी थांबते.

बिघा हे नाव उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरलेले आहे, पण त्या नावाचे माप सर्वत्र एक नाही. महाराष्ट्राच्या जुन्या कोष्टकात बिघ्याचे वीस पांड होत. माळव्यात बिघ्याचे वीस बिस्वे होतात. ज्या साखळीने किंवा काठीने जमीन मोजली तिची लांबी बदलली की बिघाही बदलला. १६५ फूट बाजूचा चौरस म्हणजे बिघा, असा एक हिशेब आहे. त्याचे क्षेत्रफळ २७,२२५ चौरस फूट, म्हणजे सुमारे २,५२९ चौरस मीटर होते, आणि एका एकरात असे बरोबर १.६ बिघे बसतात. तोंडी हिशेब करणारे हेक्टरचे कोणी चार बिघे धरतात, तर कोणी पाच. शेजारच्या राजस्थानात १३२ फूट बाजूचा लहान बिघाही परिचित आहे. हे सर्व लोक आपल्या मापाला ‘बिघा’ असेच म्हणतात, आणि आपापल्या जागी कोणीही खोटे बोलत नाही.

यातून व्यवहारात किती अंतर पडते, ते बारा बिघ्यांच्या शेताचे उदाहरण घेऊन पाहावे. हेक्टरचे चार बिघे धरले तर हे शेत तीन हेक्टरांचे ठरते. पाच धरले तर ते २.४ हेक्टरांचे होते. १६५ फुटी बिघ्याने ते ३.०३५ हेक्टर भरते. समजा, हेक्टरी ७५ किलो बियाणे पेरावयाचे आहे. पहिल्या हिशेबाने २२५ किलो लागेल, दुसऱ्याने १८० किलो. पंचेचाळीस किलो बियाणे अधिक घेतले तर पैसा वाया गेला. कमी घेतले तर शेताचा तुकडा रिकामा राहिला. तणनाशकाच्या बाबतीत हीच चूक झाली तर एक तर तण मरत नाही, नाही तर पीकच करपते. जमिनीच्या सौद्यात हे अंतर ०.६ हेक्टर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. दीड एकराच्या वादावर भाऊ भावाच्या विरुद्ध कचेरीची पायरी चढतो.

नाव एक आणि अर्थ अनेक, हा अनुभव या दोन्ही गावांना नवा नाही. देवास संस्थान पवार घराण्यातील तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंपासून सुरू झाले, आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. एकाच गावात दोन राजे आणि दोन कारभार नांदत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली येथे खासगी चिटणीस म्हणून राहिले ते थोरल्या पातीच्या महाराजांकडे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन होईपर्यंत ‘देवास दरबार’ एवढे म्हणून भागत नसे. कोणती पाती, हे सांगावे लागे.

धारचा दाखला तर याहून जुना आणि मापाच्याच विषयातला आहे. अकराव्या शतकात धारेत राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात ‘हस्त’ या मापाचे लक्षण सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. हात चोवीस अंगुळांचा. परंतु अंगुळ आठ यवांचे, सात यवांचे किंवा सहा यवांचे असू शकते, आणि त्याप्रमाणे हात ज्येष्ठ, मध्यम किंवा कनिष्ठ ठरतो. ज्येष्ठ हात कनिष्ठ हाताच्या सव्वापटीहूनही मोठा भरतो. तेव्हा ‘दहा हातांची भिंत’ एवढ्याने सुताराचे किंवा गवंड्याचे काम भागणार नव्हते. कोणता हात, हे आधी ठरवावे लागे. शास्त्रकाराने तीन हातांपैकी दोन खोटे ठरविले नाहीत. त्याने प्रत्येकाला वेगळे नाव दिले. मापपालटाच्या फॉर्मलाही हीच रीत लागू पडते.

म्हणून यादीत नुसता ‘बिघा’ हा शब्द कधीही घालू नये. त्याऐवजी ‘बिघा (१६५ फूट बाजू)’, ‘बिघा (हेक्टरचे चार)’, ‘बिघा (हेक्टरचे पाच)’ अशी स्वतंत्र नावे घालावीत. यांपैकी कोणताही आपोआप निवडलेला ठेवू नये. वापरणाऱ्याने निवड केल्याखेरीज उत्तर देऊ नये. कारण आपोआप आलेली निवड कोणी तपासून पाहत नाही. तीनांपैकी आपला बिघा कोणता हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी चौथी वाट ठेवावी. आपल्या मालकीच्या एखाद्या शेताचे खसऱ्यातील क्षेत्र हेक्टरमध्ये लिहिलेले असते, आणि तेच शेत घरात किती बिघ्यांचे म्हणून ओळखले जाते हेही माहीत असते. हे दोन आकडे दोन रकान्यांत घ्यावेत आणि भागाकार करून त्या घराचा बिघा फॉर्मनेच काढून द्यावा. आठ बिघ्यांचे म्हणून ओळखले जाणारे शेत खसऱ्यात दोन हेक्टर असेल, तर त्या घरी हेक्टरचे चार बिघे चालतात, हे कोणाला विचारावे लागत नाही. खात्री व्हावी म्हणून असे दोन-तीन शेतांचे आकडे ताडून पाहावेत. प्रत्येक वेळी वेगळे उत्तर आले, तर घरातील बिघाच अंदाजाचा आहे असे समजावे आणि खसऱ्यावरच भिस्त ठेवावी.

बिघ्याचा प्रश्न सुटल्यावर बिस्व्याचा येतो. ‘बारा बिघे पंधरा बिस्वे’ हे क्षेत्र पुष्कळ जण एकाच रकान्यात १२.१५ असे लिहून टाकतात. परंतु बिस्वा हा बिघ्याचा शंभरावा भाग नसून विसावा भाग आहे. म्हणून पंधरा बिस्वे म्हणजे ०.७५ बिघा, आणि खरा आकडा १२.७५ होतो. हेक्टरचे चार बिघे धरले तर या एका ठिपक्याच्या चुकीने १,५०० चौरस मीटर जमीन हिशेबातून गळते. यावर उपाय साधा आहे: बिघे आणि बिस्वे यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आणि बिस्व्यांच्या रकान्यात वीस किंवा त्याहून मोठा आकडा आला तर फॉर्मने तो परत विचारावा.

या दोन रकान्यांची बेरीज करताना संगणकाचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. रकान्यात लिहिलेले ‘१२’ हे संगणकाच्या दृष्टीने प्रथम अक्षरे असतात, संख्या नव्हे. बारा बिघे सात बिस्वे यांची बेरीज करावयास सांगितली असता, अक्षरांचे संख्येत रूपांतर केलेले नसेल तर जावास्क्रिप्ट बारापुढे ०.३५ हे जोडून ठेवते आणि १२०.३५ असे उत्तर देते. शेत एका क्षणात दसपट होते, आणि पडद्यावर कोणतीही तक्रार उमटत नाही. रिकामा रकाना संख्येत बदलावयास सांगितला तर ही भाषा त्याचे शून्य करते. म्हणून रकाना भरला आहे की नाही, हे आधीच पाहावे. मराठी-हिंदी लिहिणारा मनुष्य देवनागरी आकडे वापरील हेही गृहीत धरले पाहिजे. जावास्क्रिप्ट देवनागरी आकड्यांना संख्या म्हणून ओळखत नाही. परंतु संगणकाच्या जागतिक वर्णकोष्टकात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे, व दोन्हीकडे पुढचे अंक ओळीने येतात. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक हाती येतो. लाख-हजारांचे स्वल्पविरामही हिशेबापूर्वी काढून टाकावेत.

उत्तर किती बारकाईने दाखवावे, हा पुढचा प्रश्न. त्याचा उत्तम धडा देशाने १ एप्रिल १९५७ रोजी घेतला. त्या दिवशी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैसा नाणे म्हणून देता येत नाही. म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे ठरले. चार आण्यांचे रूपांतर एकदम केले तर पंचवीस पैसे येत. तेच एकेक आणा करून चार वेळा केले तर चोवीसच येत. संबंध रुपया असा एकेक आण्याने मोडला, तर चार पैसे कोठेतरी नाहीसे होत. यात कोणाची लबाडी नव्हती. आधी अपूर्णांक सोडून मग बेरीज केल्याचा तो परिणाम होता. म्हणून फॉर्मने सर्व गुणाकार-भागाकार पूर्ण आकड्यांनी करावेत, आणि अपूर्णांक सोडावयाचा तो फक्त शेवटी, उत्तर दाखविताना. हेक्टरसाठी दशांशाची तीन स्थळे पुरेत; त्यांतील शेवटचे स्थळ दहा चौरस मीटर दाखविते. पडद्यावर दहा-बारा अंक उमटविल्याने उत्तर अधिक खरे होत नाही. मूळ शेतच जर अंदाजाने मोजलेले असेल, तर लांबलचक दशांशाने उगाच खात्रीचा आभास मात्र होतो.

उत्तराबरोबर मापाचे नाव आणि वापरलेला गुणक दोन्ही दिसलेच पाहिजेत. ‘३.०३५’ एवढेच दाखविणे धोक्याचे आहे; ‘१२ बिघे (१६५ फूट बाजू) = ३.०३५ हेक्टर’ असे संपूर्ण वाक्य उमटावे. नाव नसलेला गुणक किती महाग पडू शकतो, हे कॅनडाने २३ जुलै १९८३ रोजी पाहिले. त्या देशात तेव्हा मेट्रिक मापे नव्याने येत होती. एअर कॅनडाच्या एका बोईंग ७६७ विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरांचे वजन काढताना १.७७ हा गुणक वापरला गेला. पण तो पौंडांचा होता, आणि किलोग्रॅमसाठी सुमारे ०.८ हा गुणक हवा होता. परिणामी विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले, आणि आकाशातच त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते विनाइंजिन तरंगत आणून गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरविले आणि सर्व प्रवासी वाचले. गुणाकार करणाऱ्यांनी तो बरोबर केला होता, १.७७ कशाचे, हे मात्र त्या आकड्यावर लिहिलेले नव्हते.

फॉर्म तयार झाला म्हणजे तो लोकांच्या हाती देण्यापूर्वी पारखून घ्यावा. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे प्रश्न त्यास घालावेत: एक हेक्टरचे १०,००० चौरस मीटर, एका एकराचे चाळीस गुंठे, एका बिघ्याचे वीस बिस्वे. मग एखादे क्षेत्र बिघ्यांतून हेक्टरमध्ये न्यावे आणि तेच उत्तर परत बिघ्यांत आणावे. मूळ आकडा मिळाला पाहिजे. शेवटी रकाना रिकामा ठेवून, अक्षरे लिहून, ऋण संख्या लिहून पाहावे. अशा वेळी उत्तर देण्याऐवजी काय चुकले ते सांगणारा फॉर्मच विश्वासास पात्र होय.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न केव्हाच मिटला आहे. १९५६ च्या वजने-मापे कायद्याने देशात मेट्रिक पद्धती आणली, पुढील काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा तीच पद्धती चालवितो. शेर आणि मण बाजारातून गेले, कारण दुकानदाराच्या ताजव्यातील वजनेच बदलली. बिघ्याचे तसे झाले नाही. जमीन जागची हलत नाही, आणि तिच्याबरोबर आजोबांनी सांगितलेला आकडाही घरात राहतो. तो आकडा पुसून टाकणे हे फॉर्मचे काम नव्हे. तो कोणत्या बिघ्याचा आहे हे विचारून घ्यावे, आणि मग त्याचे हेक्टर करावेत. एवढे करणारा फॉर्म धार-देवासच्या शेतकऱ्याला पेरणीच्या दिवशी उपयोगी पडेल आणि खरेदीखतावर सही करण्याच्या दिवशी त्याहूनही अधिक. मात्र सहीपूर्वी खसऱ्यातील हेक्टरचा आकडा आणि फॉर्मचे उत्तर शेजारी ठेवून पाहावे. दोहोंत अंतर पडले, तर सौद्याची घाई न करता प्रथम मोजणी करून घ्यावी.